कच्च्या सुताचा गंडा

निलम राठोडचे पत्र कुरुंद्याला पोचले ते २००२ सालच्या डिसेंबरात, अठरा तारखेला. किशनराव खंदाऱ्यांनी ते तीनदा वाचले, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचले आणि उत्तर लिहायला बसले. ते उत्तर काही त्यांनी टाकले नाही. पुढे जे व्हायचे ते झाल्यावर लोक म्हणाले, गुरुजी, यात तुमचा काय दोष? दोष कुणाचा हे किशनरावांना बरोबर ठाऊक होते.

निलम ही पुसेगावच्या शाळेतली त्यांची विद्यार्थिनी. सतरा वर्षे त्यांनी तिथे विज्ञान शिकवले, आणि ती दहावी झाली त्याच वर्षी निवृत्त होऊन ते आपल्या गावी, कुरुंद्याला, परतले. पुसेगावपासून कोसभर अंतरावर तिचा तांडा. आंतर्देशीय पत्राच्या तिन्ही बाजू तिने बारीक अक्षरात भरल्या होत्या.

"आदरणीय सर, आमच्या जगनदादाची पोलीस भरती दहा फेब्रुवारीला हिंगोलीला आहे. धावण्यात तो सगळ्यांच्या पुढे असतो, पण छाती कमी भरते. न फुगवता एकोणऐंशी सेंटीमीटर लागते, दादाची सत्त्याहत्तर भरते. पुसेगावात मारुतीच्या पारावर बलभीम उस्ताद म्हणून एक बाबा आले आहेत. ते दर शनिवारी पोरांच्या दंडाला हळदीचा गंडा बांधतात आणि मारुतीपुढचा दगडी गोटा उचलायला लावतात. गोटा उचलता उचलता गंडा आपोआप तटकन तुटतो. मी डोळ्यांनी पाहिले. लोक म्हणतात, मारुतीराया अंगात उतरतो. ज्याचा तुटला त्याला उस्ताद भस्म देतात. मागच्या शनिवारी दादाचा तुटला. तेव्हापासून आई रोज सकाळी दुधात भस्म कालवून देते. सर, गंडा खरेच आपोआप तुटतो का? आणि भस्मात काय असते? कारणाशिवाय काही घडत नाही असे तुम्ही शिकवले होते. पण मला कारण सापडत नाही. तुम्ही दोन ओळी लिहा. बा तुमच्या कागदाला मानतो, माझ्या तोंडाला मानत नाही."

दोनच ओळी मागितल्या होत्या पोरीने. पण किशनरावांचा स्वभाव असा की वर्गात पृथ्वी गोल आहे हे सांगतानाही ते "असे मानले जाते" असे जोडायचे. त्यात हा विषय व्यायामाचा. वजन बावन्न किलो, खांदे पुढे आलेले. जन्मात उचललेले सर्वांत मोठे ओझे म्हणजे शाळेच्या वाचनालयातले शब्दकोशाचे खंड. आपण कोण छाती-दंडावर बोलणारे?

तरी त्यांनी प्रयोग केला. दुकानातून कच्चे सूत आणले, हळदीत भिजवून वाळवले आणि जनकाबाईंपुढे दंड उघडा केला.

"हे बांध जरा. घट्ट. पण हात असा सैल सोडलेला असताना."

जनकाबाई बघतच राहिल्या. "आवं, जन्मभर कुणाला गंडा बांधू दिला न्हाई, अन् आता एकसष्टाव्या वर्षी बायकोकडून बांधून घेऊन राहिले? काहून?"

"प्रयोग आहे."

"कुठं भरती व्हायचंय?"

"जनका, बांध."

त्यांनी बांधला. किशनरावांनी पाण्याची अर्धी बादली धरली आणि कोपर वाकवून वर-खाली करायला लागले. जनकाबाई तोंडाला पदर लावून मोजत होत्या. एकोणिसाव्या वेळी किशनरावांनी हात दुमडून मूठ आवळली, आणि सूत तटकन तुटून बादलीत पडले.

"अगं बया!" जनकाबाई म्हणाल्या. हसणे थांबले.

"काही नाही गं त्यात. हात लोंबता असताना दंड सैल असतो. दुमडला की स्नायू गोळा होऊन फुगतो. त्यात वीस वेळा ओझं उचललं की तिथं रक्त धावतं, दंड आणखी भरतो. अर्ध्या तासात उतरतो परत. मोठा झालेला नसतो, भरलेला असतो. आणि कच्चं सूत ते, किती तग धरणार?"

"मग लिवा की पोरीला असंच."

"लिहितो."

लिहायला बसले. 'प्रिय निलम, माझ्या अल्प समजुतीप्रमाणे कदाचित असे असावे की…' इथवर आले आणि थांबले. एक हात, एक धागा; एवढ्यावर सिद्ध काय होणार? मग त्यांनी अकरा वेळा प्रयोग केला. नऊ वेळा सूत तुटले, दोनदा नाही तुटले. त्या दोन वेळांनी त्यांची झोप उडवली. वसमतच्या वाचनालयातून त्यांनी शरीरशास्त्राची पुस्तके आणली, स्नायू कसे वाढतात त्याची टिपणे काढली. आणि भस्म? न पाहिलेल्या वस्तूबद्दल लेखी कसे द्यायचे? उद्या कुणी विचारले, तुम्हाला कसे कळले, तर? संक्रांत गेली. चार मसुदे झाले, चारही फाटले. जनकाबाईंनी विचारणे सोडून दिले.

शेवटी फेब्रुवारीच्या एक तारखेला पेन्शनच्या एका कागदासाठी त्यांना हिंगोलीला जावे लागले. काम लवकर उरकले. लिहिण्यापेक्षा तोंडी सांगावे, तोंडी सांगितलेले कुणी जपून ठेवत नाही, असा भित्रा विचार करून ते पुसेगावच्या गाडीत बसले.

शनिवार होता. स्टँडवर उतरल्या उतरल्या ढोल ऐकू आला. मारुतीच्या पाराभोवती हीऽ गर्दी! माणसे ओट्यांवर, पोरे लिंबाच्या फांद्यांवर, बायका देवळाच्या भिंतीला धरून. मधोमध शेंदूर लावलेला दगडी गोटा, आणि त्याच्या शेजारी बलभीम उस्ताद. उघडे अंग तेलाने चमकते, गळ्यात रुद्राक्ष, पोट छातीपेक्षा चार बोटे पुढे.

"बोलो बजरंगबली की!"

"जऽय!"

"आवाज कम आया. आज किसके घर में खाना नहीं पका?"

गर्दी हसली. उस्तादाने दंड थोपटले.

"अरे भाई, डाक्टर क्या देता? सुई! मास्टर क्या देता? छडी! और उस्ताद क्या देता?"

"गंडा!" पोरे ओरडली.

"सुई से निकलता खून, छडी से निकलता आँसू, और गंडे से निकलती…" उस्तादाने छाती फुगवली, "ये! सवा महिना! बदाम नको, अंडं नको, आराम नको. आराम करतो तो हराम करतो! रोज उचला, दुखलं तर आणखी उचला. दुखतं म्हंजे काय? देव घर करून राहिला आत!"

चहाच्या हॉटेलाचा मालक रामकिशन, मांडीएवढ्या दंडाचा गडी, मागे उभा राहून हसत होता. उस्तादाने त्याला बरोबर हेरले.

"ये पैलवान. हसतो काहून? ये इकडे."

रामकिशनच्या दंडाला गंडा बांधला. त्याने गोटा गुडघ्यापर्यंत पंचवीसदा उचलला, घामाघूम झाला, हात दुमडले. गंडा जागच्या जागी.

"देखा?" उस्ताद गर्दीकडे वळला. "मन में शक, तो गंडा पक्क! घोड्यासारखं अंग असून काय कामाचं? देव घोड्यात येत न्हाई."

हास्याचा लोट उठला. रामकिशन खाली मान घालून हॉटेलात गेला. पण किशनरावांनी पाहिले होते. रामकिशनच्या गंड्याखालून दोन बोटे सहज गेली असती. उस्तादाने तो सैल बांधला होता. मग पुढे आलेल्या पोराच्या दंडात सूत कातडीत रुतेपर्यंत आवळले.

तो पोरगा जगन होता हे किशनरावांना आधी कळलेच नाही. लांब चेहऱ्याचा, हरणासारखा पळणारा जगन त्यांनी पाहिला होता. समोरच्या पोराचे तोंड पुरीसारखे गोल झाले होते, गाल तांबडे, डोळे बारीक. त्याने पाय ताठ ठेवले, कंबरेतून धनुष्यासारखा वाकला, श्वास कोंडला आणि "जय बजरंग" म्हणत हिसका देऊन गोटा उचलला. परत. परत. किशनरावांना स्वतःच्या कंबरेत कळ आली. वाचलेले पान डोळ्यांसमोर उभे राहिले: पाठ वाकवून उचललेल्या ओझ्याचा सगळा भार मणक्यांच्या गाद्यांवर येतो.

तट! गंडा तुटला. ढोल वाजला. बायकांनी हात जोडले.

आता बोलायला हवे होते. "रामकिशनचा सैल बांधला होता" एवढेच. किशनरावांनी वर्गात पोरे करतात तसा हात वर केला.

"हां बाबाजी! क्या चाहिए?" उस्ताद गरजला. "आप को भी भर्ती होना?"

दोन-तीनशे तोंडे वळली. किशनरावांनी वर केलेला हात खाली घेतला.

"नाही… वेळ किती झाली, विचारायचं होतं."

लोक पोट धरून हसले. त्या गर्दीत निलम उभी होती. ती हसली नाही.

ती त्यांना तांड्यावर घेऊन गेली. वाटेत पत्राबद्दल एक अक्षर बोलली नाही. किशनरावच म्हणाले, "तुझं पत्र आलं होतं."

"मला वाटलं पोचलंच न्हाई, सर."

तांडा येईपर्यंत किशनराव तिच्या दोन पावले मागे चालले.

तिचा बाप हरिचंद राठोड माणूस मोकळा. "गुरुजी, तुमी आले, लई बरं झालं! बघा आमचा गडी. टेप आण गं निलम." टेप लावला. छाती ऐंशी भरली. "बघा! टेप खोटं बोलते का? गरम पाण्यानं न्हाऊ घालून, घास मोजून जे झालं न्हाई ते उस्तादानं केलं."

"पळतो कसा आता?" किशनरावांनी विचारले.

जगनच बोलला. "दम लागून राहिला, सर. पयले सोळाशे मीटर असंच जायचं. आता मांड्यात जीव न्हाई. अन् कंबर धरते सकाळी. उस्ताद म्हणतात, भस्म मुरून राहिलं."

किशनरावांनी भस्माची पुडी पाहिली. राख, वेलदोड्याचा वास, आणि राखेत पांढरी, जिभेला लावली तर कडू लागणारी भुकटी. चिमूटभर त्यांनी कागदात बांधून खिशात ठेवली.

रात्री ते तिथेच राहिले, आणि सकाळी, बहुधा निलमच्या न हसलेल्या तोंडाकडे पाहून, त्यांनी ठरवले की दाखवायचे. तांड्याच्या नायकाला, म्हाताऱ्या पुनमचंदला, बोलावले. दहा-पंधरा माणसे बाजेभोवती जमली. किशनरावांनी सदऱ्याची बाही वर केली. त्यांचा दंड पाहून एक बाई म्हणाली, "ह्याला गंडा न्हाई, अंगठी बसंल." सगळे हसले, किशनरावही हसले, त्यामुळे जरा धीर आला.

"हे साधं सूत. मंत्र नाही, मारुती नाही, गोटा नाही. ही पाण्याची कळशी."

निलमने सूत बांधले. किशनराव उचलू लागले. पंधरा, सोळा… बाविसाव्या खेपेला त्यांनी हात दुमडला. तट!

ते विजयाने वळले. "पाहिलंत?"

पुनमचंद नायक बाजेवरून उठला. हळूच पुढे आला, डोक्यावरचे पागोटे सावरले आणि किशनरावांपुढे हात जोडले.

"गुरुजीच्या बी अंगात आला."

"अहो, नाही नाही…"

"एवढ्या वाळल्या दंडात! मंत्राबिगर! उस्तादाहून मोठं काम हाय हे." दोन बायकांनी वाकून पायाला हात लावला. एकीने लेकरू पुढे केले. ज्या माणसाने जन्मात कुठल्या देवापुढे नारळ ठेवला नव्हता, तो पायांना हात लावून घेत मागे मागे सरकत होता आणि म्हणत होता, "ऐका तरी… रक्त धावतं तिथं… ऐका." कुणी ऐकत नव्हते. हरिचंद म्हणाला, "गुरुजी, तुमी उगं लपवून ठिवलं एवढे दिस!"

निलमला राग आला. तिने दादाला ओढून घरात नेले, त्याचा हात खाली सोडायला लावला, सूत सैल बांधले. "उचल कळशी. तीस येळा." उचलली. तुटले नाही. मग घट्ट बांधले. "आता काई उचलू नको. फकस्त मूठ आवळून हात दुमड." दुमडला. तट!

जगनने तुटलेला धागा उचलला. "म्हंजे रामकिशनचा सैल व्हता?"

"दोन बोटं जात होती," दारातून किशनराव म्हणाले.

"अन् हे मी दर शनिवारी सगळ्यांपुढं…" त्याचे तांबडे गाल आणखी तांबडे झाले. मग म्हणाला, "मंग भस्म, सर? तेचं काय करू?"

इतके दिवस हुकलेले उत्तर किशनरावांच्या तोंडी आले. कदाचित नाही, बहुधा नाही.

"टाकून दे. आजपासून एक चिमूटही घेऊ नकोस."

जगनने पुडी उकिरड्यावर फेकली. परतीच्या गाडीत किशनरावांना हलके वाटत होते. हिंगोलीला उतरून खिशातली चिमूट पुतण्याला, डॉक्टर रत्नपालला, दाखवावी असे मनात होते. पण रविवार, दवाखाना बंद असणार, पोराला सुट्टीच्या दिवशी कशाला त्रास, म्हणून ते सरळ कुरुंद्याला आले.

गुरुवारी दुपारी एसटीडीवाल्याचा पोऱ्या बोलवायला आला. रत्नपालचा फोन होता.

"जयभीम, काका. पुसेगावकडचा जगन राठोड तुमच्या ओळखीचा ना? सकाळी पळताना पडला. उलट्या, घाम, रक्तदाब पार खाली गेलेला. जीपमध्ये घालून आणला. आता वाचेल. त्याची बहीण म्हणते, तुमच्याकडं भस्माची चिमूट आहे. घेऊन या."

संध्याकाळच्या आत ते दवाखान्यात पोचले. जगनच्या हाताला सलाईन होते. गोल तोंड पांढरेफटक. हरिचंद भिंतीशी उकिडवा बसला होता; त्याने किशनरावांकडे पाहिले आणि मान फिरवली.

रत्नपालने कागद उघडून भुकटी बोटावर घेतली. "तपासणीशिवाय नाव लिहून देणार नाही मी. पण लक्षणं सगळी एका बाजूला बोट दाखवतात. दम्यावर, सुजेवर आम्ही मोजून देतो ती गोळी कुटून मिसळलेली दिसते. स्टेरॉइड. तोंड गोल होतं, भूक खवळते, अंगात पाणी साठतं, चरबी चढते. टेपवरचं माप वाढतं."

"म्हणजे छाती…"

"सूज होती, काका. स्नायू नव्हता. ही गोळी स्नायू वाढवत नाही, उलट खाते. मांड्यात जीव नाही म्हणत होता ना? आणि कंबरेची गादी सरकलीय, ती त्या गोट्यानं."

"पण त्यानं रविवारपासून बंद केलं होतं."

"तेच तर. कुणी सांगितलं एकदम बंद करायला?"

किशनरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. रत्नपालला कळले, आणि तो हळू आवाजात, लहान पोराला समजावतात तसा सांगू लागला. "हे द्रव्य शरीर स्वतःही थोडं थोडं तयार करत असतं. बाहेरून रोज मिळायला लागलं की आतलं काम बंद पडतं. मग बाहेरचं अचानक तोडलं तर शरीराजवळ काहीच उरत नाही. हळूहळू, डॉक्टरच्या देखरेखीखाली कमी करावं लागतं. किती दिवस घेत होता?"

"आठ आठवडे."

"दोन-अडीच आठवडेच घेतलं असतं तर सहसा एवढं होत नाही. तेव्हा थांबला असता तर बिघडलं नसतं बहुतेक."

दोन-अडीच आठवडे. सात डिसेंबरला सुरू झाले, अठराला पत्र आले. किशनरावांनी बाकावर बसून बोटांवर मोजले, मग पुन्हा मोजले, जणू दुसऱ्यांदा वेगळे येईल.

सोमवारी दहा तारीख होती. हिंगोलीच्या मैदानावर पोरे छातीला टेप लावून घेत होती, आणि जगन खाटेवर पडून छताकडे पाहत होता. वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, निदान सहा महिने. पुढची भरती कधी, ते कुणालाच माहीत नव्हते. किशनराव रोज येत आणि बाकावर बसत. काय करावे हे न कळल्याने मोसंबी सोलून ठेवत; ती तशीच वाळून जात.

त्या दिवशी निलम बाकावर शेजारी येऊन बसली.

"सर, उस्ताद गेला पुसेगावातून. दादाचं कळल्याबरोबर."

"पोलिसात सांगितलं का?"

"बानं सांगितलं. ते म्हणले, कुठं गेला त्येचा पत्ता आना. पत्ता मला लागला. माझ्या मामाच्या गावाकडं, सेनगावच्या पुढं. कालच तिथं पार झाडून घेतला म्हणे त्यानं. तिथलीबी पोरं भरतीची तयारी करून राहिली."

"मग आपण जाऊ. मी येतो."

"न्हाई सर." ती स्पष्ट बोलली. "तुमी दाखवलं की लोक तुमच्याच पाया पडतात. अन् मी तोंडानं सांगितलं तर म्हणतील, पोरीची जात, भावाचं झालं म्हणून चिडली. मला कागद पायजे. मी डिसेंबरात मागितला व्हता तोच."

"आता? आता काय उपयोग त्या कागदाचा?"

"दादाला न्हाई. पण मामाकडच्या पोरांचा पयला शनिवार अजून यायचाय. मी उद्या तिकडंच चालले, मामाच्या पत्त्यावर टाका."

किशनराव घरी आले. जनकाबाईंनी टेबल पुसून दिले. त्यांनी 'प्रिय निलम' लिहिले आणि सवयीने हात 'माझ्या अल्प समजुतीप्रमाणे' कडे वळला. तो त्यांनी थांबवला. ज्या गोष्टी रत्नपालकडून पक्क्या करून घ्यायच्या होत्या त्या एसटीडीवरून विचारल्या, आणि मग एका बैठकीत लिहिले.

"प्रिय निलम,

नाही. गंडा आपोआप तुटत नाही. हात सैल असताना कच्चे सूत घट्ट बांधले, ओझे उचलून दंडात रक्त भरू दिले आणि हात दुमडला की ते कुणाच्याही दंडावर तुटते. माझ्याही तुटले, आणि माझ्यात कोणी उतरलेले नाही. सैल बांधले की पैलवानाच्याही दंडावर तुटत नाही. कुणाचा तोडायचा आणि कुणाचा नाही हे देव ठरवत नाही, बांधणारा ठरवतो. खात्री करायची असेल तर बाबाला म्हणा, गंडा आम्ही बांधतो, तुम्ही बघा.

भस्मात औषधाची गोळी कुटलेली असावी असे डॉक्टरांचे मत आहे. तपासणी झालेली नाही, म्हणून मी 'असावी' म्हणतो. त्याने येते ती सूज, ताकद नाही. कोणी घेत असेल तर त्याने आजच डॉक्टरांकडे जावे, पुडी सोबत न्यावी आणि किती दिवस घेतली ते खरे सांगावे. बरेच दिवस घेतलेले असेल तर मनाने एकदम बंद करू नये. जगनला मी तसे करायला सांगितले. ती माझी चूक होती. मला माहीत नव्हते, आणि माहीत नाही हे मी बोललो नाही.

छाती-दंड वाढतात, पण महिन्यांनी वाढतात. व्यायामाने स्नायू थकतो आणि विश्रांतीत, जेवणातून आणि झोपेतून, तो भरून येतो. म्हणून एकाच अंगाला रोज मारू नये. मध्ये एक-दोन दिवस मोकळे सोडावेत. ओझे असे घ्यावे की आठ-दहा वेळा नीट उचलता येईल, शेवटचे दोन जड जातील, पण हिसका द्यावा लागणार नाही. बारा वेळा सोपे जाऊ लागले की थोडेच वाढवावे. वाळूची पिशवी, पाण्याची कळशी चालते. जमिनीवरून उचलताना गुडघे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी, ओझे अंगाजवळ धरावे. उचलताना श्वास सोडावा, कोंडू नये. खाली ठेवताना तीन आकडे मोजत सावकाश ठेवावे. डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, जे मिळेल ते रोज खावे. थकवा वेगळा आणि कळ वेगळी. कळ आली की थांबावे. दुखण्यात देव घर करत नाही, दुखणेच घर करते.

हे कुणाच्या सांगण्यावरून मानू नका, माझ्याही नाही. सूत आणा, बांधा, बघा. आणि जो माणूस तुम्हाला स्वतःच्या हाताने बांधू देत नाही, त्याच्या हातून काही घेऊ नका.

तू दोन ओळी मागितल्या होत्यास. त्या मी अठरा डिसेंबरलाच देऊ शकत होतो. कारण मला तेव्हाच सापडले होते. मी भ्यायलो.

तुझा, किशनराव खंदारे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोस्टाच्या पेटीपाशी गेले. पाकीट आत सोडले. तळाशी पडल्याचा आवाज आला, आणि लगेच त्यांच्या मनात आले: आठ-दहा वेळा लिहिले ते सगळ्यांना लागू पडेल का? चाळिशीच्या माणसाला? 'साधारणपणे' हा शब्द घालायला हवा होता. त्यांनी फटीत बोटे घातली. मनगटाशी हात अडला.

मग हात काढून घेतला आणि घराकडे वळले.